सात वर्षं, जेवणानंतर

सोमवार, ९ जानेवारी

ही वही हिने दिली. म्हणाली, "काय लिहायचं ते यात लिहा. माझ्या सामानाच्या यादीवर लिहू नका." यादीत 'साबण' दोनदा आला होता. मी एक खोडला आणि समासात खूण केली. त्यात एवढं रागावण्यासारखं काय होतं? घरात साबण एकच आला आणि हिला दोन हवे होते, हा भाग वेगळा.

मी आयुष्यभर एका छापखान्यात प्रूफं तपासली. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो आमच्याकडे आठ भाषांत छापला जायचा. त्यातली स्पॅनिश माझ्या वाट्याला आली होती. भाषा येण्याची अट नव्हती, मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं एवढंच काम. पण इतकी वर्षं एखाद्याच्या शेजारी बसलं की ओळख होतेच. 'जेवणानंतर घ्यावे', 'मुलांच्या हाती लागू देऊ नये', 'दुखणे कमी करण्यासाठी', 'आराम न पडल्यास' हे मी आजही झोपेत स्पॅनिशमध्ये सांगेन.

आता निवृत्त झालो. घरात प्रूफं येत नाहीत, म्हणून समोर येईल ते वाचतो. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत मला चार चुका सापडल्या. लाल शाईने दाखवून पत्रिका परत नेऊन दिली. त्यांनी ती दारातच घेतली आणि दार लावलं. बहुधा घाईत असावेत.

गुरुवार, १२ जानेवारी

आज एक मजेशीर योग जुळून आला. हिने पडदे शिवायला एका टेलरबाईंना बोलावलं होतं. बाई गळ्यात टेप अडकवूनच आल्या. त्या खिडकीकडे वळणार तेवढ्यात ही म्हणाली, "आमच्या ह्यांना स्पॅनिश येतं बरं का. जन्मभर तेच केलंय."

बाईंनी टेप गळ्यातून काढला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा नवरा तिकडे, स्पॅनिश बोलतात त्या देशात, फरशांच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे जायचं तर वकिलातीत मुलाखत द्यावी लागते, तीही स्पॅनिशमध्ये. मुलाखत मार्चच्या शेवटी आहे. नापास झालं तर पुन्हा नंबर लागायला वर्ष जातं. बाई म्हणाल्या, "एवढी एकदाच संधी आहे. शिकवाल का सर?"

मला उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. छापखान्यात मला 'स्वल्पविराम' म्हणायचे. मी लगेच हो म्हणून बसलो.

बाई गेल्यावर लक्षात आलं की खिडक्यांची मापं घ्यायची राहूनच गेली. हिला सांगितलं तर म्हणाली, "राहू देत, घेतील नंतर." हिच्या कामात पहिल्यापासून शिस्त नाही.

सोमवार, १६ जानेवारी

वर्ग सुरू झाला. एक विद्यार्थिनी असेल असं धरून चाललो होतो, आले तिघं. टेलरबाई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि दातांचे डॉक्टर. बेकरीवाल्याला तिकडे त्याच्या मित्राच्या बेकरीत काम मिळतंय, त्यालाही तीच मुलाखत द्यायची आहे. डॉक्टरांना नुसतीच हौस. यांना बातमी कुणी दिली कळत नाही. ही शुक्रवारी बेकरीत गेली होती आणि शनिवारी दात दाखवायला, तेवढंच.

छापखान्यातून येताना मी एक जुनं स्पॅनिशचं पुस्तक आणलं होतं. त्याला कव्हर नाही आणि पहिली चार पानंही नाहीत. माझी योजना साधी आहे. विद्यार्थी पहिल्या धड्यावर, तर मी दुसऱ्यावर. हे अंतर राखलं की कुणाला काही कळायचं कारण नाही.

शिकवण्याची पद्धत मी स्वतःच ठरवली. मी वाक्य म्हणायचं, तिघांनी माझ्या मागून ते जसंच्या तसं म्हणायचं, पाठ होईपर्यंत. प्रूफाचाही नियम हाच असतो, मुळाबरहुकूम.

ही कोपऱ्यात क्रोशा घेऊन बसली होती. हिला त्यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, "कंटाळशील." तर म्हणाली, "छे हो. घर किती शांत वाटतंय." चार माणसं एका सुरात ओरडत असताना घर शांत? हिचे कान तपासून घ्यायला हवेत.

गुरुवार, २ फेब्रुवारी

प्रगती चांगली आहे. बेकरीवाला गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी देताना 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असं स्पॅनिशमध्ये म्हणतो. लोकांना तो आशीर्वाद वाटतो.

मात्र आज टेलरबाईंनी पेच टाकला. त्यांच्या ओळखीची एक बाई ती मुलाखत देऊन आली आहे. तिला तीनच गोष्टी विचारल्या म्हणे. कुठे होता, किती काळ होता, कशासाठी होता. म्हणजे सगळा भूतकाळ. "तो कधी शिकवणार सर?"

पुस्तक चाळलं. भूतकाळ अकराव्या धड्यात आहे आणि मी सहाव्यात. बरं, अनुभवाचा आधार घ्यावा तर औषधांच्या कागदांत भूतकाळच नसतो. घ्या, घेऊ नका, हलवून घ्या, एवढंच. घेतलंत का, बरं वाटलं का, हे तो कागद कधी कुणाला विचारत नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवार, २० फेब्रुवारी

मधले धडे गुंडाळून थेट अकराव्यावर उडी मारली. काळ किती गेला ते सांगायला 'दुरान्ते' आणि कशासाठी ते सांगायला 'पारा'. हे दोन्ही शब्द तर माझे जुने सोबती. सात दिवस दुरान्ते, खोकला कमी करण्यापारा. बेकरीवाला म्हणाला, पारा म्हटलं की त्याला भट्टीच आठवते. म्हटलं, आठवू दे, पण विसरू नकोस.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला. "सर, तुम्ही स्वतः तिकडे किती काळ होता? आणि कशासाठी?"

मी कधीच कुठे नव्हतो. पण 'मी कधीच कुठे नव्हतो' याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. 'राहिलो' हे क्रियापद धड्यात होतं, 'सात' हा आकडा तोंडात होता, बाकीचं ओठांवर आलं ते असं: "सात वर्षं मी एका रुग्णालयात राहिलो, एका बाईचं दुखणं कमी करण्यासाठी, जेवणानंतर."

बेकरीवाल्याने टोपी काढली. वाक्य म्हणून ते बिनचूक होतं, म्हणून मी तेच सगळ्यांकडून घोकून घेतलं. तासाच्या शेवटी तिघंही सात वर्षं रुग्णालयात राहिलेले होते.

टेलरबाई मात्र दर वेळी 'सात वर्षं'पाशी अडायच्या, आवाज घोगरा व्हायचा. उच्चार कठीण जातोय. त्यांच्याकडून जास्त सराव करून घ्यायला हवा. हिला मध्येच जोराचा ठसका लागला आणि ती क्रोशा तोंडावर धरून आत निघून गेली.

मी खोटं बोललो का? यावर बराच विचार केला. मी उदाहरण दिलं. उदाहरणात लोक आंबे वाटतात, रेल्वेने जातात, ते काय खरं असतं? पण मन खात राहिलं हेही नोंदवतो. वाक्यातली चूक मी लगेच सुधारली असती, पण ही चूक सुधारायला तोंड उघडलं नाही.

गुरुवार, २ मार्च

तास संपल्यावर टेलरबाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "सर, मला माझं वाक्य करायचंय. नवरा दोन वर्षांसाठी गेला होता, घर बांधता यावं म्हणून. घर बांधून झालं. त्यानंतर सात वर्षं मी त्या घरात एकटी राहतेय. कशासाठी, ते त्याला विचारायला जायचंय. हे कसं म्हणायचं?"

मी मनातल्या मनात वाक्य जुळवायला घेतलं. गेला होता, झालं, राहतेय, जायचंय. चार टोकांची चार क्रियापदं, त्यातलं एकही माझ्या कागदावर कधी आलेलं नाही. म्हणालो, "तो धडा पुढे आहे."

बाईंनी मान हलवली आणि टेप गळ्यात घालून निघाल्या. खिडक्यांची मापं आजही राहिली. दारातून ही माझ्याकडे बघत होती. हिला म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही. धडा पुढे आहे ना, वाट बघतेय."

बुधवार, १५ मार्च

दातांच्या डॉक्टरांनी व्याकरणाचं विटेएवढं पुस्तक विकत आणलंय. माणसाच्या हातात पैसा आला की तो असं काहीतरी करतो. आज म्हणाले, "सर, यात तर दोन भूतकाळ दिलेत. तुमचं 'राहिलो' यातलं कुठलं?"

मी म्हटलं, "तो धडा पुढे आहे."

"आणि रुग्णालयात तुम्ही नक्की काय होता?"

मी उत्तर द्यायच्या आत बेकरीवालाच म्हणाला, "स्वयंपाकी असणार. जेवणानंतर मोकळे व्हायचे ना सर." मी हसलो. हसण्याचा अर्थ त्याने हो असा घेतला. माझं चरित्र असं दर तासाला वाढतंय आणि मला त्यातलं एक अक्षरही खोडता येत नाही.

टेलरबाईंनी पुन्हा त्यांचं वाक्य काढलं. आता मुलाखतीला फार दिवस उरलेले नाहीत. मी जरा कडक झालो. म्हटलं, "बाई, मुलाखतीत माणूस घाबरतो. स्वतःचं लांबलचक वाक्य फसेल. माझं वाक्य तुम्हाला पाठ आहे, ते अडचणीला उपयोगी पडेल. तेच पक्कं करा." त्यांनी तिथेच बसून ते पक्कं केलं. 'सात वर्षं' आता न अडखळता म्हणतात. पद्धत बरोबर होती तर.

शुक्रवार, २४ मार्च

कुठल्या तोंडाने लिहू?

आज मुलाखती झाल्या. आधी बेकरीवाला आत गेला. वकिलातीतल्या बाईंनी विचारलं, इथे काय काम केलंत, किती काळ. त्याला 'किती काळ' एवढंच कळलं आणि तो उभा राहून धाडधाड म्हणाला, "सात वर्षं मी एका रुग्णालयात राहिलो, एका बाईचं दुखणं कमी करण्यासाठी, जेवणानंतर." बाईंनी लिहून घेतलं.

मग टेलरबाई गेल्या. त्यांना विचारलं, नवरा जाऊन किती काळ झाला, तुम्हाला कशासाठी जायचंय. टेलरबाई म्हणतात, तोंड उघडलं तेव्हा स्वतःचं वाक्य म्हणायचं असंच मनात होतं. पण बाहेर आलं ते सरांचं. सात वर्षं, रुग्णालय, बाई, जेवणानंतर, सगळं.

वकिलातीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन माणसं, एक गल्ली, एकच रुग्णालय, आणि दुखणंही एकाच बाईचं. त्यांची खात्री झाली की कुणीतरी एजंट बनावट माहिती पाठ करून घेऊन माणसं पाठवतोय. त्यांनी सांगितलं, त्या माणसाला घेऊन तीन तारखेच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर दोन्ही अर्ज कायमचे बंद.

बेकरीवाला माझ्यावर चिडला नाही. त्याला अजूनही वाटतंय की माझ्या पूर्वीच्या रुग्णालयाचा काहीतरी लफडं असावं. टेलरबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "सर, माझं वाक्य मला येतच नव्हतं ना. तुमचंच तोंडात बसलं होतं." एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. चहा प्यायलो नाही.

ही समोर येऊन बसली. "आता काय करणार?"

"विचार करतोय."

"विचार करू नका. विचारा."

"कुणाला?"

"तुमचा तो दात दुखतोय ना?" ही म्हणाली. दात काही विशेष दुखत नव्हता. पण हिने सोमवारची वेळ घेऊनही टाकली होती.

सोमवार, २७ मार्च

दातांच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, एक नळी अडकवली आणि मग विचारलं, "सर, तुम्ही तिकडे कधीच गेला नव्हता ना?"

त्या अवस्थेत माणूस फक्त 'आ' म्हणू शकतो. मी म्हणालो.

"मला दुसऱ्या तासालाच कळलं होतं. तुमचं स्पॅनिश ऐकलं की मला डोस विचारावासा वाटतो." मशिन सुरू झालं. "पण मी गप्प राहिलो. संध्याकाळी दवाखाना बंद केला की मला तरी कुठे जायचं असतं? आता नीट ऐका. तुमचा हा दात बराच काळ किडत होता. किडत होता, हा एक भूतकाळ. त्यात सुरुवात नाही, शेवट नाही, आपलं चाललेलंच आहे. आणि ही कीड मी आत्ता अर्ध्या तासात काढली, दात वाचवण्यासाठी. काढली. हा दुसरा. संपला. कळलं?"

कळलं. इतकं स्पष्ट कधीच कळलं नसतं, कारण मध्ये बोलायची सोयच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "टेलरबाईंचा नवरा गेला, हा काढलेला दात. बाई राहतायत, हा किडत असलेला." मग हात धुऊन, ते विटेएवढं पुस्तक आणून, त्यांनी आणि मी मिळून बाईंचं वाक्य बसवलं. माझं अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे मी खुणांनी भाग घेतला. एका ठिकाणी त्यांच्याकडून स्वराघाताचं चिन्ह राहिलं होतं ते मी दाखवलं. तेवढाच माझा वाटा.

घरी येऊन टेलरबाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, "बाई, तो धडा मला येत नव्हता. पुढे आहे म्हणालो ते खोटं होतं. आणि मी तिकडे कधी गेलेलो नाही. मी छापखान्यात होतो." हे मी मराठीतच सांगितलं, तरी फार अवघड गेलं.

टेलरबाई म्हणाल्या, "ते वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सर. चला, वाक्य घ्या."

हिने सांगितलं होतं? मग इतके दिवस ही गप्प का बसली? विचारलं तर म्हणते, "तुम्ही मध्ये कुणाला बोलू देता का?"

सोमवार, ३ एप्रिल

इस्त्रीचा शर्ट घातला. ही पण निघाली, क्रोशा घेऊन. म्हटलं, वकिलातीत कसला क्रोशा. म्हणाली, "तिथे थांबावं लागतं."

वकिलातीतल्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आपली भाषा कामापुरती येते, पण प्रश्न त्यांनी स्पॅनिशमध्येच केले. ह्या लोकांना किती काळ शिकवलंत?

मी म्हणालो, "अडीच महिने, आठवड्यातून दोन वेळा." वाक्य उभं राहिलं. खरं बोलल्यावर पुढचा शब्द शोधावा लागत नाही, असा अनुभव आला.

"कशासाठी?"

इथे मी अडकलो. मला येणारी कारणं म्हणजे ताप, खोकला, सूज, पित्त. मी का शिकवलं याला त्यात शब्द नव्हता. खरं म्हणजे मराठीतही मला तो चटकन सापडला नसता. मी उभा राहून घाम पुसत होतो. वकिलातीतल्या बाईंनी पेन उचललं. टेलरबाईंचा चेहरा उतरला.

तेव्हा मागून, क्रोशावरची नजरही न उचलता, ही स्वच्छ स्पॅनिशमध्ये म्हणाली, "माझं दुखणं कमी करण्यासाठी. हे दिवसभर घरी असतात. माझं डोकं दुखायचं."

मी थक्क झालो. क्रियापद त्या 'किडत होता'च्या भूतकाळातलं, नेमकं तेच हवं होतं! वकिलातीतल्या बाईंनी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या कागदाकडे. "ती बाई या का?" एवढं विचारून त्या हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले तरी हसतच होत्या. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. हिला डोकेदुखी आहे हे मला माहीतच नव्हतं, माझं सगळं लक्ष तिकडे लागलं.

मग त्यांनी दोघांना पुन्हा प्रश्न विचारले. बेकरीवाला म्हणाला, "वीस वर्षं मी अंधारात उठलो, दुसऱ्यांना ताजा पाव मिळावा म्हणून. तिकडे मित्र भट्टी पेटवणार. मला थोडं झोपायचंय." बाईंनी शिक्का मारला.

टेलरबाई उभ्या राहिल्या. टेप गळ्यातच होता, त्याची दोन्ही टोकं हातात घट्ट धरली होती. सावकाश, एकेक शब्द ठेवत, त्या म्हणाल्या, "नवरा दोन वर्षांसाठी गेला, घर बांधता यावं म्हणून. घर बांधून झालं. त्यानंतर सात वर्षं मी त्या घरात एकटी राहतेय. कशासाठी, ते मला त्याच्या समोर बसून विचारायचं आहे."

मी त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर ओठ हलवत होतो. एकही चूक नव्हती.

वकिलातीतल्या बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी मराठीत, तुटक तुटक विचारलं, "फोनवर विचारलं नाही?"

"विचारते ना. फोनवर तो म्हणतो, आवाज येत नाही."

बाईंनी अर्ज पुढे ओढला. मग शिक्का मारला, जरा जोरातच. निघताना मला म्हणाल्या, "सर, वर्ग बंद नाही करायचा. पण प्रत्येकाला त्याचं त्याचं वाक्य." मी हो म्हणालो. जिन्यात टेलरबाईंनी हिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मी त्यांच्या पिशव्या धरून उभा होतो, माझेही डोळे भरून आले होते.

मंगळवार, ४ एप्रिल

हिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डोकेदुखीबद्दल सगळं मीच सांगितलं. डॉक्टरांनी हिला न तपासता मला विचारलं, "निवृत्त झालात का?" हो म्हटलं. "मग हल्ली दिवसभर काय करता?" म्हटलं, स्पॅनिश शिकवतो, पण आता दोन विद्यार्थी चाललेत. डॉक्टर म्हणाले, "नवीन बघा. वर्ग सोडू नका." पेशंट कोण आणि सल्ला कुणाला! पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.

गुरुवार, २० एप्रिल

टेलरबाई गेल्या. शिलाई मशिन आमच्या खोलीत ठेवून गेल्या. 'आठवड्यातून एकदा तेल घालावे' असं मला सांगितलं, तेही स्पॅनिशमध्ये. घर रिकामं वाटतंय. रात्री जेवताना वाटलं, त्या परत आल्याच नाहीत तर बरं की वाईट? परत आल्या तर उत्तर बरं मिळालं नाही असा अर्थ होईल. नाही आल्या तर आमची शिकवणी पुरती यशस्वी झाली असा. तरी मशिनकडे बघून गलबलल्यासारखं झालं.

सोमवार, १ मे

टेलरबाईंचा निरोप आला, हिच्या फोनवर, स्पॅनिशमध्ये. मी चष्मा शोधेपर्यंत हिने वाचूनही टाकला होता. मी ही भाषा वाचण्यात जन्म घालवला आणि ही माझ्या आधी वाचते.

निरोप असा होता: "मी विचारलं. तो पुष्कळ वेळ रडला. कशासाठी ते त्यालाही नीट सांगता येत नाही. सांगण्यासाठी मी त्याला सात दिवस दिलेत, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. आराम न पडल्यास मी परत येते. पडला तर आम्ही दोघं येतो. कसंही झालं तरी येणार, वहिनींचे पडदे राहिलेत."

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. लाल पेन हातात होतं, पण चूक नव्हती. नवऱ्याने सात दिवसांत सांगून टाकावं असं मला मनापासून वाटतंय.

दुपारी म्हटलं, बाई येतायत तर निदान खिडक्यांची मापं काढून ठेवावीत. स्टुलावर चढलो आणि तेव्हा पाहिलं, आमच्या सगळ्या खिडक्यांना पडदे आहेत. चांगले, जाड, गेल्याच वर्षी घेतलेले. मी स्टुलावरूनच हिला विचारलं, "अगं, मग त्या बाईंना तू बोलावलं होतंस कशासाठी?"

ही क्रोशातून मान वर करून हसली. म्हणाली, "तो धडा पुढे आहे."

मी खाली उतरून पुस्तक उघडलं. पुढचा धडा मी नीट वाचला. त्यात सगळं हवामानाबद्दल आहे.